मैदानाची हजेरी, सेवेची जोड

२०२४ पासून १५ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पैलवान खाशाबा जाधव यांचा हा जन्मदिवस. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला त्यानंतर ४४ वर्षे, म्हणजे १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. हे आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या पदकामागची हकीकत मात्र तितकी स्मरणात राहिलेली नाही, आणि आजच्या विषयाचा धागा नेमका त्या हकीकतीतच आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल हेलसिंकीला जाण्यास पात्र ठरला, तेव्हा त्याच्यापाशी प्रवासखर्चाचे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर आपल्या या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने झाले. त्यानंतर या मल्लाने कोल्हापुरात कुस्त्यांचे आयोजन केले, त्यांतून मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे ऋण फेडले, आणि घर सोडविले.

एक आखाडा, एक गाव आणि एक शिक्षणसंस्था यांनी मिळून एक खेळाडू घडविला आणि त्या खेळाडूने समाजाचे देणे चुकते केले, असा या घटनेचा अर्थ आहे. ‘क्रीडासंस्था आणि सेवासंस्था यांचे सहकार्य’ असे जड शब्द त्या वेळी कोणी उच्चारले नसतील. परंतु ते सहकार्य प्रत्यक्षात होते. आज शब्द उदंड झाले आहेत. सहकार्य मात्र शोधावे लागते.

दोन शेजारी, दोन उणिवा

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी थोडी पाहणी केली, तर एक चमत्कारिक चित्र दिसते. एका गल्लीत क्रीडा मंडळ असते. कुणा निवृत्त शिक्षकाने किंवा जुन्या खेळाडूने ते चिकाटीने चालविलेले असते. तेथे रोज संध्याकाळी मुले-मुली येतात, कबड्डी वा खो-खो खेळतात, मल्लखांबाला एरंडेल लावून उड्या शिकतात. प्रशिक्षक मानधन घेत नाही. कित्येकदा चेंडू, दोर, चुना यांचा खर्चही तोच करतो. मंडळाची नोंदणी कधीकाळी झालेली असते. परंतु चिटणीस बदलले, अध्यक्ष वारले, तरी त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलेला नसतो. हिशेबाच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर असतात.

दोन गल्ल्या ओलांडल्या की एक सेवासंस्था असते. तिची कागदपत्रे चोख असतात, लेखापरीक्षण वेळेवर होते. डॉक्टर, वकील, शिक्षिका, निवृत्त बँक अधिकारी असे अनुभवी लोक कार्यकारिणीवर असतात. देणगीदारांचा विश्वास असतो. रक्तदान शिबिर, आरोग्य तपासणी, वह्यावाटप असे उपक्रम वर्षानुवर्षे होत असतात. परंतु त्या संस्थेच्या बैठकीत डोकावले, तर सर्वात तरुण कार्यकर्ता पन्नाशीचा असतो. ‘नवी पिढी सेवाकार्यात येत नाही’ ही खंत प्रत्येक वार्षिक सभेत व्यक्त होते, इतिवृत्तात नोंदली जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नोंदली जाते.

एकाकडे तरुण आहेत, पण व्यवस्था नाही. दुसऱ्याकडे व्यवस्था आहे, पण तरुण नाहीत. शेजारी राहूनही एकमेकांच्या उणिवांची परस्परांना खबर नाही. मग वर्षातून एकदा दोघांची गाठ पडते ती कशासाठी? स्पर्धेच्या बक्षीस समारंभासाठी! सेवासंस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते चषक दिला जातो, शाल-श्रीफळ होते, छायाचित्र निघते आणि दोघे आपापल्या गल्लीत परततात. याला सहकार्य म्हणता येणार नाही. ही केवळ ओळखदेख झाली.

मैदानाचे खरे धन

क्रीडा मंडळाजवळ असलेली सर्वात मौल्यवान वस्तू कोणती, याचा विचार बहुधा मंडळानेही केलेला नसतो. ती म्हणजे मैदानाचा तुकडा वा कपाटातले चषक नव्हेत, तर रोजची हजेरी.

समाजातील मुलामुलींना स्वेच्छेने, दररोज, ठरलेल्या वेळी, एका ठिकाणी एकत्र आणणाऱ्या जागा आता मोजक्याच उरल्या आहेत. शाळेत मुले येतात, पण तेथे येणे सक्तीचे आहे. शिकवणीला येतात ती परीक्षेच्या धाकाने. मैदानावर ती आपणहून येतात. तेथे डॉक्टरांचा मुलगा आणि रिक्षाचालकाचा मुलगा एकाच साखळीत हात धरून चढाईवाल्याला अडवितात. तेथे आडनाव विचारून संघ पाडले जात नाहीत. समरसतेवर शंभर व्याख्याने जे साधणार नाहीत, ते एका हंगामाच्या सरावात सहज साधून जाते. प्रशिक्षकाला प्रत्येक मूल नावाने, घराने, स्वभावाने ठाऊक असते. कोण चार दिवस आला नाही, कोण अलीकडे गप्प गप्प असतो, कुणाच्या अंगाला तंबाखूचा वास येऊ लागला आहे, हे आईवडिलांच्याही आधी त्याच्या ध्यानात येते.

सेवासंस्थेचे कार्य मात्र बहुतांशी शिबिरांच्या पद्धतीने चालते. शिबिर एका दिवसात संपते. त्या दिवशी ज्याची तपासणी झाली, त्याने पुढे औषध घेतले की नाही, हे पाहणारा तेथे कुणी उरत नाही. रोजची हजेरी आणि सेवेची यंत्रणा यांची गाठ घालून देणे, हाच या सहकार्याचा गाभा असला पाहिजे. नवे उपक्रम वाढविण्यापेक्षा चालू असलेल्या दोन कामांना एकमेकांशी जोडणे अधिक फलदायी आहे.

एक उदाहरण घेऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक मुली! याच वयात मुली खेळ सोडतात. घरचे म्हणतात, अभ्यास वाढला. प्रशिक्षक म्हणतो, दम टिकत नाही. खो-खोच्या नऊ मिनिटांच्या डावात जी मुलगी पूर्वी सहज टिकत असे, ती चौथ्या मिनिटाला धापा टाकू लागते आणि ‘हिच्यात आता जिद्द राहिली नाही’ असा शेरा मारला जातो. वास्तविक कमी झालेले असते ते तिच्या रक्तातील लोह. आरोग्यसेवेचे कार्य करणारी संस्था या मंडळाशी जोडलेली असेल, तर वर्षातून दोनदा मैदानावरच हिमोग्लोबिनची तपासणी होईल, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या मिळतील आणि त्या नियमित घेतल्या जातात की नाही, हे रोज हजेरी घेणारी ताई पाहील. अशी मुलगी मैदानावर टिकली, तर मंडळाला खेळाडू मिळते, संस्थेचे कार्य सफल होते आणि घराला एक निरोगी लेक मिळते. यासाठी स्वतंत्र इमारत नको, अनुदान नको, उद्घाटनही नको.

परंपरा आपलीच आहे

हा विचार बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. बलोपासना आणि समाजधारणा यांची सांगड या भूमीला नवी नाही. समर्थ रामदासांनी सातारा, सांगली, कोल्हापूरच्या परिसरात अकरा मारुती स्थापिले. आणि आजही मारुतीच्या तसबिरीवाचून तालीम पूर्ण होत नाही. हौद्यातली तांबडी माती मस्तकी लावून आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाला अंगातील बळ हे दुर्बळाच्या रक्षणासाठी असते, याची शिकवण वस्तादाकडून मिळत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या परंपरेला संस्थात्मक रूप देणारी माणसे महाराष्ट्रात निपजली. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी सुरू केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहा. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार व खेळ जगाला दाखविले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापिलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायाम आणि शिक्षण यांची जोड घातली. या संस्थापकांच्या मनात ‘खेळ’ आणि ‘समाजकार्य’ असे दोन कप्पे नव्हतेच. ते पुढे आपण पाडले.

ते कप्पे आजही ओलांडता येतात, याचे उदाहरण मुंबईच्या शिवाजी पार्कवर आहे. तेथील श्री समर्थ व्यायाम मंदिर ही १९२५ मध्ये स्थापन झालेली संस्था. या संस्थेतून मल्लखांब देशोदेशी नेणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तो सन्मान केवळ परदेशातील प्रसारासाठी नव्हता. दृष्टिहीन, दिव्यांग, अनाथ मुले, वनवासी, महिला आणि ज्येष्ठ नागरिक अशा समाजघटकांपर्यंत हा खेळ पोहोचविल्याबद्दलही होता. ज्याला डोळ्यांनी खांब दिसत नाही, अशा मुलाने केवळ स्पर्शाच्या आधाराने त्यावर चढून तोल सावरावा, याहून आत्मविश्वासाचा मोठा पाठ कोणता असू शकतो? परंतु दृष्टिहीन मुलांना मैदानापर्यंत आणण्यासाठी त्यांच्यामध्ये कार्य करणारी संस्था लागते, आणि त्यांना खांबावर चढविण्यासाठी मल्लखांब जाणणारा गुरू लागतो. एकट्याने हे होत नाही.

शौर्याला शिस्तीची जोड

सहकार्याच्या अभावी काय गमावतो, हे आपत्तीच्या काळात कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. कोल्हापूर-सांगलीच्या तालमी आणि तरुण मंडळे मदतीला धावली. घरातून माणसे बाहेर काढणे, अन्नाची पाकिटे पोहोचविणे, पूर ओसरल्यावर चिखल उपसणे अशी कामे तरुणांनी केली. व्हाइट आर्मीसारख्या बचावकार्यात मुरलेल्या स्वयंसेवी पथकांनीही आपली शक्ती पणाला लावली. समाज संकटात एक होतो, याचे ते दर्शन होते.

परंतु त्याच पुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन जाणारी बोट उलटली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. या दुर्घटनेचा दोष कुणा एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. बोध मात्र घेतला पाहिजे. पुराच्या पाण्यात धाडस अपुरे पडते. तेथे किती माणसे चढवायची, जीवरक्षक जाकिटाविना कुणाला बसवायचे नाही, प्रवाह कोठून ओलांडायचा याचे शिक्षण लागते. ते शिक्षण पाणी दाराशी आल्यावर देता येत नाही. ते एप्रिल-मे महिन्यांत द्यावे लागते.

नदीकाठच्या तालमीत पोहणारे, दमदार, एकमेकांना ओळखणारे वीस-पंचवीस जवान आयते उपलब्ध असतात. बचावकार्य जाणणाऱ्या संस्थेने प्रतिवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यांना आठवडाभर शिकविले, प्रथमोपचाराचा अभ्यास करून घेतला, गावातील वृद्ध, रुग्ण आणि गर्भवती यांच्या घरांची यादी त्यांच्या हाती दिली, तर प्रत्येक नदीकाठच्या गावाचे स्वतःचे सज्ज पथक उभे राहील. २०२१ मध्ये पूर पुन्हा आला. पुढेही येणार आहे. नदी आपल्या बैठकीची वाट पाहत नाही.

कागदाचे बळ

काही व्यवहाराच्या गोष्टीही बोलल्या पाहिजेत. कारण भावनेच्या भरात सुरू झालेली सहकार्ये बहुधा हिशेबाच्या वहीपाशी मोडतात.

कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करावे लागतात. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचे प्रशिक्षण या यादीत समाविष्ट आहे. म्हणजे दार उघडे आहे. परंतु १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, आणि सामान्यतः त्यासाठी आयकर कायद्याखालील मान्यता व तीन वर्षांच्या कामाची नोंद आवश्यक असते. ज्या मंडळाचा बदल अर्जच दहा वर्षे दाखल झालेला नाही, त्याला हे दार कसे ओलांडता येणार? कायद्याप्रमाणे विश्वस्तांत झालेला बदल नव्वद दिवसांत कळवावा लागतो, ही माहितीही कित्येक मंडळांना नसते.

येथे सेवासंस्थेतील निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल आणि वकील यांच्या ज्ञानाचे मोल कळते. त्यांनी मंडळाला पैसे देऊ नयेत. आठवड्याचे दोन तास द्यावेत. जुने बदल अर्ज दाखल करून घ्यावेत, हिशेब लिहिण्याची सवय लावावी, लेखापरीक्षण पूर्ण करून द्यावे. तूर्त आवश्यक असेल तर पात्र संस्थेने स्वतः प्रकल्प हाती घ्यावा आणि मंडळाने लेखी करारानुसार प्रशिक्षणाचा भाग सांभाळावा. परंतु तीन-चार वर्षांत मंडळ स्वतःच्या पायावर उभे राहील, हे ध्येय ठेवावे. दुसऱ्याला कायम आपल्यावर अवलंबून ठेवणारी मदत ही सेवा नव्हे.

आणखी एक विषय संकोच बाजूला ठेवून मांडला पाहिजे. मुलामुलींची सुरक्षितता हा आज प्रत्येक पालकाच्या मनातील प्रश्न आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा २०१२ पासून लागू आहे. असा प्रकार कळल्यास तो पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. क्रीडा मंडळ अपवाद नाही. मुलींच्या सरावाच्या वेळी महिला कार्यकर्ती उपस्थित असणे, स्पर्धेसाठी परगावी जाताना सोबत एक ताई असणे, तक्रार ऐकण्यासाठी मंडळाबाहेरील जबाबदार महिला नेमलेली असणे, ही व्यवस्था परिसरातील महिला संस्था सहज करू शकते. ‘आमचे मंडळ म्हणजे एक कुटुंब आहे’ असे म्हणून हा विषय झटकता येणार नाही. कुटुंबातही जाणते डोळे लागतात.

आक्षेप आणि उत्तरे

क्रीडा कार्यकर्ते विचारतील, ‘आम्ही खेळाडू घडवायचे की समाजसेवक? सेवेच्या नादात सराव बुडाला तर पदके कोण आणणार?’ शंका रास्त आहे. सरावाच्या वेळेला हात लावायचा नाही, हा या सहकार्याचा पहिला नियम असावा. सभेला गर्दी हवी म्हणून, स्वागताला रांग हवी म्हणून मुलांना मैदानावरून उचलून नेणे हा त्यांचा उपमर्द आहे. परंतु सेवा आणि पदक यांत विरोध आहे, हे खरे नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या खेळामागे दीर्घकाळ मोठे प्रायोजक नव्हते, तो शतकभर जगला तो मैदानावर चुन्याच्या रेषा मारणाऱ्या निःस्वार्थ कार्यकर्त्यांच्या जोरावर. खेळ सेवेवरच जगला आहे.

सेवासंस्थांची तक्रार वेगळी असते. ‘ही मंडळाची मुले दंगेखोर असतात, कुणा ना कुणा पुढाऱ्याच्या फलकावर त्यांचे चेहरे असतात.’ असे चेहरे दिसतात, हे खरे. पण सतरा-अठरा वर्षांचा तरुण खेळ सुटल्यावर कोठे जातो, याचा विचार आपण केला आहे काय? स्पर्धेत निवड होत नाही, नोकरी लागलेली नसते आणि अंगात रग असते. त्या वळणावर त्याला हाक मारणारा पहिला माणूस कोण, यावर पुष्कळ काही ठरते. फलक लावायला बोलावणारा त्याला नावाने हाक मारतो, आणि आपण त्याला दंगेखोर म्हणतो. दोष केवळ त्याचा कसा? याच तरुणाला लहान मुलांचा संघ शिकवायला दिला, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दिले, एका वस्तीची जबाबदारी दिली, तर त्याची रग कर्तृत्वात बदलते.

तिसरी अडचण श्रेयाची. फलकावर कुणाचे नाव वर, यावरून सहकार्ये मोडलेली सर्वांनी पाहिली आहेत. उपाय एकच आहे, आणि तो आधीच लिहून ठेवायचा. एका पानाचे करारपत्र करावे. कोण काय देणार, कोणत्या वेळी देणार, पैसा कुणाच्या खात्यात राहणार, वाद झाल्यास निर्णय कोण करणार, एवढे त्यात असावे. दोन्हीकडून एकेक व्यक्ती जबाबदार असावी आणि महिन्यातून एकदा त्यांनी भेटावे. मुदत एक वर्षाची ठेवावी. दोन्ही संस्थांचे विलीनीकरण करण्याच्या भरीस कुणी पडू नये. दोन खांब वेगळे राहिले तरच त्यांच्यावर तुळई टिकते.

आरंभ कोठून?

आरंभ एका प्रश्नापासून करावा. सेवासंस्थेच्या कार्यवाहांनी या आठवड्यात जवळच्या मैदानावर जावे, सराव संपेपर्यंत शांतपणे बसावे आणि प्रशिक्षकाला विचारावे, ‘आपल्याला कशाची अडचण आहे?’ आपली योजना त्याच्यापुढे ठेवण्याची घाई करू नये. उत्तर कदाचित अगदी साधे असेल. संध्याकाळी दिवा नाही, मुलींना कपडे बदलायला खोली नाही, एका गुणी मुलाची परीक्षा शुल्काअभावी अडली आहे. एवढे एक काम पूर्ण करावे. नंतर प्रशिक्षकाने तोच प्रश्न संस्थेला विचारावा. वस्तीतल्या अभ्यासिकेला शिकविणारे हात हवे आहेत, एकाकी वृद्धांना आठवड्यातून एकदा औषधे पोहोचवायची आहेत. मैदानावरची चार थोरली मुले ते काम आनंदाने करतील.

खाशाबांसाठी घर गहाण ठेवणारे प्राचार्य आणि त्यांचे ऋण फेडण्यासाठी घाम गाळणारा मल्ल, हे दोघे एकाच समाजाचे दोन हात होते. १५ जानेवारीला आपण त्या मल्लाच्या प्रतिमेला हार घालतो, ते उचितच आहे. त्या हाराच्या आधीच्या ३६४ संध्याकाळी मैदानावर कोण हजर होते, याचा हिशेबही त्या दिवशी मांडला जावा. समाजाचे संघटन हे वार्षिक सोहळ्यांच्या संख्येवर मोजले जात नाही. ते रोजच्या हजेरीवर उभे राहते.